मॅक्सवेल पर्किन्स : संहितेच्या घडणीतील संपादक

वाङ्मयाच्या इतिहासात लेखकाला स्थान असते, समीक्षकाला असते, नियतकालिकाच्या संपादकालाही त्याच्या नियतकालिकामुळे ते मिळते. परंतु प्रकाशनसंस्थेत बसून दुसऱ्याच्या हस्तलिखिताची घडण पाहणारा ग्रंथसंपादक बहुधा अनुल्लेखितच राहतो. त्याचे काम जितके यशस्वी तितके ते अदृश्य. मुद्रणप्रत सिद्ध करणे, शुद्धलेखन तपासणे, संदर्भ पडताळणे ही कामे निराळी. कादंबरीचे निवेदन कोणी करावे, एखाद्या पात्राचा पूर्वेतिहास कोठे आणि किती उलगडावा, कोणता भाग गाळल्याने उरलेल्या भागाचे बळ वाढेल, किंबहुना या लेखकाने पुढचे पुस्तक कशावर लिहावे, अशा प्रश्नांचा लेखकाबरोबर विचार करणारा संपादक सहनिर्मितीच्या उंबरठ्यावर उभा असतो. तो उंबरठा ओलांडावा की नाही, हा त्याच्यापुढील खरा पेच होय. अमेरिकन संपादक मॅक्सवेल पर्किन्स याच्या आयुष्यात हा पेच दोन अगदी भिन्न रूपांत उभा राहिला, आणि म्हणूनच त्याचे चरित्र निर्मितिप्रक्रियेच्या अभ्यासकाला महत्त्वाचे वाटते.

विल्यम मॅक्सवेल एव्हार्ट्स पर्किन्स याचा जन्म २० सप्टेंबर १८८४ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. त्याचे मातामह विल्यम एव्हार्ट्स हे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोगात त्यांनी बचावाची बाजू मांडली होती. बालपण न्यू जर्सीतील प्लेनफील्ड येथे गेले. हार्वर्डमध्ये त्याने विषय निवडला तो अर्थशास्त्र, साहित्य नव्हे. १९०७ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये बातमीदारी केली, आणि १९१० मध्ये तो 'चार्ल्स स्क्रिब्नर्स सन्स' या प्रकाशनसंस्थेच्या जाहिरात विभागात रुजू झाला. त्याच वर्षअखेर लुईझ साँडर्स हिच्याशी त्याचा विवाह झाला. या दांपत्याला पाच मुली झाल्या. १९१४ च्या सुमारास तो संपादन विभागात आला व अखेरपर्यंत तेथेच राहिला. त्याचे शुद्धलेखन कच्चे होते आणि मुद्रिते तपासण्यात त्याला गती नव्हती. संपादन म्हणजे ऱ्हस्वदीर्घ सुधारणे, अशी समजूत असणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

स्क्रिब्नर्स ही त्या काळी प्रतिष्ठित, पण काहीशी वृद्ध झालेली संस्था होती. हेन्री जेम्स, ईडिथ व्हॉर्टन, गॉल्सवर्दी ही तिची नावे. अशा संस्थेकडे १९१८ मध्ये स्कॉट फिट्झजेरल्ड नावाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याची 'द रोमँटिक इगोटिस्ट' ही कादंबरी आली. ती नाकारली गेली. पण नकाराबरोबर सविस्तर सूचनाही गेल्या. सुधारलेले रूपही परत आले. फिट्झजेरल्डने नाउमेद न होता १९१९ च्या उन्हाळ्यात सेंट पॉल येथे आईवडिलांच्या घरी बसून तिचे पुनर्लेखन केले. प्रथमपुरुषी निवेदन सोडून तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारले. ही कादंबरी नव्या नावाने संस्थेच्या बैठकीत आली तेव्हा ज्येष्ठ संपादक तिला उथळ मानत होते आणि मालकही अनुकूल नव्हते. असे लेखन नाकारायचे असेल तर आपल्याला प्रकाशनव्यवसायात स्वारस्य उरणार नाही, या आशयाची भूमिका पर्किन्सने घेतली. 'धिस साइड ऑफ पॅरडाइज' मार्च १९२० मध्ये प्रसिद्ध झाली आणि संस्थेचे वय एकदम उतरले.

पर्किन्सच्या कार्यपद्धतीचे सर्वांत निर्मळ दर्शन घडते ते मात्र चार वर्षांनंतर. १९२४ च्या ऑक्टोबरअखेर फिट्झजेरल्डने फ्रान्सहून आपल्या तिसऱ्या कादंबरीची टंकलिखित प्रत पाठवली. नोव्हेंबरमध्ये पर्किन्सने तिच्यावर जे पत्र लिहिले ते संपादकीय पत्रव्यवहाराच्या इतिहासात आदर्श मानले जाते, आणि ते योग्यच आहे. आरंभी त्याने रचनेतील मर्म ओळखून दाखवले: कृतीत फारसा न गुंतलेला, पाहणाराच अधिक असलेला निवेदक निवडल्यामुळे वाचकाला अंतर मिळाले आहे व उपरोध शक्य झाला आहे. त्यानंतर त्रुटी. नायक गॅट्सबी धूसर राहिला आहे; इतर पात्रे रस्त्यात भेटली तर ओळखता येतील, पण गॅट्सबीवर वाचकाची नजर ठरत नाही. त्याच्या संपत्तीचा उगम अजिबात कळत नाही. उलगडा नको, परंतु अधूनमधून सूचन हवे. आणि त्याचा जीवनवृत्तांत एकाच ठिकाणी गठ्ठ्याने येतो, त्यामुळे एरवी सुंदर वाहणाऱ्या निवेदनाची लय तेथे तुटते. गूढता हा या पात्राचा प्राण आहे, हेही त्याने बजावले होते. म्हणजे दोष दाखवताना गुणाला धक्का लागू नये याची काळजी त्यात होती.

या पत्रात काय नाही हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. त्यात पर्किन्सने लिहून दिलेले एकही वाक्य नाही. वाचक म्हणून आपल्याला कोठे अडले ते त्याने नेमके सांगितले, एखादी वाट सुचवली, आणि तो थांबला. फिट्झजेरल्डने उत्तरादाखल कबूल केले की गॅट्सबी दिसतो कसा आणि करतो काय, हे त्याला स्वतःलाच पुरते ठाऊक नव्हते. पत्नी झेल्डाकडून त्याने गॅट्सबीची चित्रे पुनःपुन्हा काढून घेतली. मग रोम येथे १९२५ च्या आरंभी जुळणी झालेल्या मुद्रितांवरच त्याने कादंबरीची पुनर्रचना केली. सहावे व सातवे प्रकरण मोठ्या प्रमाणात नव्याने लिहिले, नायकाच्या पूर्वायुष्याचा काही भाग आठव्या प्रकरणातून पुढे आणला. शीर्षकाबाबतही फिट्झजेरल्डचा ओढा रोमन साहित्यातील ट्रिमाल्किओच्या नावाकडे होता. पर्किन्स व झेल्डा यांचा कल टिकला. 'द ग्रेट गॅट्सबी' १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या सुमारे २०,००० प्रती निघाल्या. त्यानंतरच्या लहान आवृत्तीच्या काही प्रती १९४० मध्ये लेखक वारला तेव्हाही विक्रीवाचून पडून होत्या. संपादकाचे साहाय्य कृती समर्थ करू शकते, खप वाढवीलच असे नाही.

फिट्झजेरल्डच्याच शिफारशीमुळे अर्नेस्ट हेमिंग्वे स्क्रिब्नर्सकडे आला. येथे पर्किन्सचे काम निराळे होते. 'द सन ऑल्सो रायझेस' (१९२६) या कादंबरीचा आरंभ गाळला गेला तो फिट्झजेरल्डच्या सांगण्यावरून; पर्किन्सच्या वाट्याला आले ते सनातनी मालकाची समजूत घालणे आणि आक्षेपार्ह शब्दांविषयी लेखकाशी घासाघीस करणे. हेमिंग्वेच्या गद्याला बाहेरच्या हाताची गरज नव्हती, आणि पर्किन्सने हात आखडता ठेवला. मार्जरी किनन रॉलिंग्ज हिच्या बाबतीत त्याने याहून आधीच्या टप्प्यावर काम केले. फ्लॉरिडाच्या रानातील जीवनावर एका मुलाला केंद्रस्थानी ठेवून पुस्तक लिहावे, असे त्याने १९३३ मध्ये सुचवले. त्यातून 'द यर्लिंग' (१९३८) आली व १९३९ चा पुलित्झर पुरस्कार तिला मिळाला. बीज संपादकाचे, पीक लेखिकेचे; याबद्दल कोणी वाद घातला नाही.

वाद झाला तो थॉमस वुल्फवरून. १९२८ मध्ये वुल्फची 'ओ लॉस्ट' ही कादंबरी पर्किन्सकडे आली ती अकराशेंहून अधिक टंकलिखित पृष्ठांचे बाड होऊन. जानेवारी १९२९ मध्ये दोघांची भेट झाली आणि काटछाट सुरू झाली. सारे काही नायकाच्या बालमनातून, त्याच्या स्मृतींतून उलगडावे या तत्त्वाला धरून पर्किन्सने नायकाच्या पित्याचे दीर्घ पूर्ववृत्त गाळावयास सांगितले. गेटिसबर्गच्या लढाईकडे निघालेले सैनिक रस्त्याच्या कडेने पाहणाऱ्या मुलाचा प्रारंभीचा प्रसंग त्यातच गेला. साठ हजारांहून अधिक शब्द कमी झाल्यावर 'लुक होमवर्ड, एंजल' या नावाने ती ऑक्टोबर १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली.

दुसऱ्या पुस्तकाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. वुल्फ लिहीतच राहिला. हे पुस्तक कोठे संपते हे त्याला कळेना. डिसेंबर १९३३ मध्ये पर्किन्सने हस्तलिखित मागून घेतले, आणि १९३४ मध्ये महिनोन्महिने संध्याकाळी दोघे स्क्रिब्नर्सच्या कचेरीत बसून काम करीत राहिले. दोन प्रसंग जोडणारा एखादा परिच्छेद मागितला की वुल्फ हजारो शब्द लिहून आणी. अखेर ऑक्टोबर १९३४ मध्ये वुल्फ शिकागोचे जागतिक प्रदर्शन पाहण्यास गेला असताना पर्किन्सने हस्तलिखित छापखान्याकडे रवाना केले. 'ऑफ टाइम अँड द रिव्हर' मार्च १९३५ मध्ये ९०० हून अधिक पृष्ठांची होऊन बाहेर पडली. पुस्तक पुरे झाले हा निर्णय लेखकाने नव्हे, संपादकाने घेतला होता. व्यवहारदृष्ट्या त्याचे समर्थन करता येईल, कारण एरवी ते पुस्तक कदाचित झालेच नसते. परंतु गॅट्सबीच्या वेळी न ओलांडलेला उंबरठा येथे ओलांडला गेला, हे मान्य करावे लागते.

वुल्फने ती कादंबरी भरभरून स्तुती करीत पर्किन्सलाच अर्पण केली. पर्किन्सला तो मजकूर आवडला नव्हता, आणि त्याची धास्ती खरी ठरली. वुल्फने पुढे 'द स्टोरी ऑफ अ नॉव्हेल' (१९३६) या पुस्तिकेत आपल्या लेखनप्रक्रियेची कहाणी प्रांजळपणे सांगितली, तेव्हा बर्नार्ड डी व्होटो या समीक्षकाने एप्रिल १९३६ मध्ये 'सॅटर्डे रिव्ह्यू'त लेख लिहून त्याच्यावर कठोर प्रहार केला. प्रतिभा पुरेशी नसते, रचनेची जबाबदारी लेखकाने स्वतः पेलली पाहिजे, ती प्रकाशनसंस्थेवर सोपवता येत नाही, असा त्याचा मुद्दा होता.

मराठी वाचकाला या ठिकाणी 'सत्यकथा' आणि 'मौज' यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांनी लेखकांशी केलेली चर्चा आणि सुचवलेले पुनर्लेखन यांविषयी अनेक लेखकांनी कृतज्ञता व्यक्त केली. त्याच संपादकीय अधिकाराविषयीचा रोष १९६९ मध्ये 'सत्यकथे'च्या होळीपर्यंत गेला. दोन्ही प्रतिक्रिया एकाच गोष्टीची साक्ष देतात, की संपादकाचा हात लेखकाच्या संहितेत किती खोलवर जाऊ शकतो.

डी व्होटोचा घाव वुल्फच्या वर्मी लागला. संपादकाविना आपण लिहू शकतो हे जगाला आणि स्वतःला दाखवण्यासाठी त्याला पर्किन्सपासून दूर जाणे आवश्यक वाटू लागले. कोर्टकचेऱ्यांवरून, पैशांवरून मतभेद होतेच. पण मूळ कारण हेच. १९३७ अखेर त्याने हार्पर या संस्थेशी करार केला. मुलगा नसलेल्या पर्किन्सने वुल्फवर पुत्रवत माया केली होती. त्याने हा दुरावा तक्रार न करता सोसला. जुलै १९३८ मध्ये वुल्फ पश्चिम अमेरिकेच्या दौऱ्यात आजारी पडला. सिअॅटलच्या रुग्णालयातून ऑगस्टमध्ये त्याने पर्किन्सला जुन्या स्नेहाची आठवण जागवणारे पत्र लिहिले. १५ सप्टेंबर १९३८ रोजी बाल्टिमोर येथे वयाच्या ३७ व्या वर्षी तो मेंदूच्या क्षयाने वारला. मृत्युपत्राचा व्यवस्थापक पर्किन्सच होता. वुल्फने मागे ठेवलेल्या प्रचंड बाडातून हार्परचा संपादक एडवर्ड अॅस्वेल याने पुढे तीन पुस्तके तयार केली, आणि तसे करताना जोडणारा मजकूर स्वतः लिहिला. पर्किन्सने अशी मोकळीक कधीच घेतली नव्हती. संपादकाच्या हातातून सुटण्यासाठी ज्याने संस्था बदलली, त्याच्या संहितेवर अधिक मोठा हस्तक्षेप त्याच्या मृत्यूनंतर झाला.

पर्किन्सने यातून काय घेतले, याचे सूचन १९४६ मध्ये त्याने न्यूयॉर्क विद्यापीठात प्रकाशनाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात मिळते. संपादक पुस्तकात कशाचीही भर घालत नाही, तो फार तर लेखकाचा सेवक असतो, असे त्याने तेथे प्रतिपादन केले. हे म्हणणे वुल्फच्या बाबतीत शब्दशः खरे मानता येत नाही. परंतु तो विनयाचा आविर्भावही नव्हता. आपण कोठे थांबावयास हवे होते याची जाणीव त्यामागे असावी.

अखेरच्या वर्षांत ऐकू कमी येऊ लागले होते आणि प्रकृती खालावली होती, तरी कामाची रीत तीच होती. जेम्स जोन्स या युद्धावरून परतलेल्या सैनिकाची पहिली कादंबरी त्याने १९४६ मध्ये बाजूला ठेवावयास सांगितली, आणि शांतताकाळातील सैन्यावर जी दुसरी लिहिण्याचा त्याचा मानस होता तिच्यासाठी ५०० डॉलर देऊ केले. अॅलन पेटनची 'क्राय, द बिलव्हेड कंट्री' त्याने १९४७ मध्ये स्वीकारली. १७ जून १९४७ रोजी कनेटिकट राज्यातील स्टॅमफर्ड येथे पर्किन्सचे निधन झाले. पेटनची कादंबरी १९४८ मध्ये, तर जोन्सची 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्याची निवडक पत्रे जॉन हॉल व्हीलॉक या सहकाऱ्याने १९५० मध्ये प्रकाशित केली. स्क्रिब्नर्सची कागदपत्रे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. २००० साली, योगायोगाने एकाच वर्षी, गॅट्सबीचे पर्किन्सच्या पत्रानंतर बदललेले मूळ मुद्रितरूप 'ट्रिमाल्किओ' या नावाने आणि वुल्फची अखंड 'ओ लॉस्ट' ही दोन्ही पुस्तके अभ्यासकांपुढे आली. 'ट्रिमाल्किओ' वाचणाऱ्याला क्वचितच असे वाटते की मूळचे अधिक चांगले होते. 'ओ लॉस्ट'बद्दल मात्र एकमत नाही. गेटिसबर्गच्या वाटेवर सैनिक पाहणाऱ्या मुलाचा प्रसंग ७१ वर्षांनी पुन्हा तिच्या आरंभी आला आहे.