दिवा नव्हे, खिडकी!

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला फक्त तिच्या हातातला दिवा आठवतो. १८५४ मध्ये ती ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली. त्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यांदेखत हजारो सैनिक दगावले, जखमांपेक्षा रोगांनीच जास्त. मार्च १८५५ नंतर गटारं साफ झाली, वॉर्डात हवा खेळू लागली आणि मृत्यू घटले. मायदेशी परतून आकडे मांडले तेव्हा कुठे तिला खरं कारण पटलं. मग जन्मभर तिने खिडक्यांचा हट्ट धरला. गंमत म्हणजे, रोग दुर्गंधीने पसरतो हा तिचा समज चुकीचाच होता, पण उपाय बरोबर! १८७१ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात समोरासमोर उंच खिडक्यांचे वॉर्ड सुरू झाले. १९१० मध्ये ती वारली. बंद खोलीच्या हवेत विषाणू साचतात, हे कोविडने आपल्याला नव्याने शिकवलं. आमच्या विंगमध्ये मात्र एकाला सर्दी झाली की आधी खिडकी बंद होते.