बारीक अक्षरातलं नाव

डिसेंबर लागला की आमच्या घरी जिम रीव्हजची ख्रिसमसची कॅसेट लागते. बेळगावात आमच्या गल्लीत अजून दोन-तीन घरांत तरी लागतेच. आवाज जिमचा, हे सगळ्यांना ठाऊक. पण १९६३ च्या त्या अल्बमचा निर्माता चेट ॲटकिन्स होता, हे मला गेल्या वर्षी कळलं. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

चेटचा जन्म २० जून १९२४ चा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, लट्रेल गावाजवळ. घरची गरिबी. वडील पियानो ट्यून करायचे, गाणं शिकवायचे. पुढे आईवडील वेगळे झाले. चेटला दमा इतका, की आडवं पडून झोप येत नसे. मग खुर्चीत बसून डोळा लागेपर्यंत गिटार वाजवायचा. ती गिटारही भावाकडून मिळवलेली, एक जुनं पिस्तूल आणि थोडी घरकामं यांच्या बदल्यात! दम्यापायी त्याला वडिलांकडे जॉर्जियात पाठवलं. तिथे शाळेच्या संडासात सराव करायचा, कारण आवाज छान घुमायचा. रेडिओवर मर्ल ट्रॅव्हिसला ऐकून त्याला वाटलं, हा पुष्कळ बोटं वापरत असणार. मर्ल तर अंगठा आणि एकच बोट वापरायचा. म्हणजे चेटची ती प्रसिद्ध शैली चक्क गैरसमजातून आलेली.

१९४२ मध्ये नॉक्सव्हिलच्या रेडिओवर नोकरी लागली, तीही फिडल वाजवायची. हे लक्षात ठेवा. नंतर बऱ्याच नोकऱ्या गेल्या. १९५० मध्ये मेबेल कार्टर आणि तिच्या मुलींबरोबर तो नॅशव्हिलला आला आणि सेशन म्युझिशियन झाला, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवणारा. हँक विल्यम्स, एव्हर्ली ब्रदर्स, १९५६ मध्ये एल्व्हिसचं ‘हार्टब्रेक हॉटेल’, सगळीकडे याची गिटार आहे.

१९५७ मध्ये आरसीए कंपनीने नॅशव्हिलचा कारभार त्याच्याकडे दिला. रॉक अँड रोलपुढे कंट्री संगीताचा खप ढासळत होता. चेटने काय केलं, तर फिडल आणि स्टील गिटार काढून टाकली, मागे कोरस आणि व्हायोलिनांचा ताफा आणला. जिम रीव्हजला माइकच्या अगदी जवळून, हळू गायला लावलं. यालाच नॅशव्हिल साउंड म्हणतात. ज्या वाद्यावर पोट भरायला सुरुवात केली, तेच त्याने बाहेर ठेवलं! जुने रसिक चिडले, पण रेकॉर्डी खपल्या. मला तरी त्याला दोष देववत नाही. आमचा डिसेंबर त्या मऊ आवाजावरच उभा आहे.

१९६५ मध्ये त्याने चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाला करारबद्ध केलं. पहिल्या रेकॉर्डी रेडिओवाल्यांकडे गेल्या त्या फोटोशिवाय. हे शहाणपण म्हणायचं की भिडस्तपणा, माझं अजून ठरत नाही. पण त्या काळातल्या दक्षिणेत ही दारं कोणी उघडत नव्हतं.

पुढे मुलाखतींत चेटने स्वतःच कबूल केलं, की कंट्रीला आपण पॉपकडे जरा जास्तच ओढलं. १९८२ मध्ये आरसीए सोडली आणि परत गिटारकडे वळला. एकूण १४ ग्रॅमी मिळाली. ३० जून २००१ रोजी नॅशव्हिललाच वारला.

शेवटी शेवटी तो नावापुढे स्वतःच तयार केलेली पदवी लावायचा: सर्टिफाइड गिटार प्लेअर. आणखी फक्त चार गिटारवाल्यांना त्याने ती दिली.