गाडगे महाराज आणि मनाचें ओझें

शरीरास ताप आला तर घरचीं माणसें कपाळाला हात लावून पाहतात. मनास ताप आला तर तो कोणाच्या हातास लागत नाहीं. म्हणून तो पुष्कळ दिवस आंतल्या आंत मुरतो, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसासहि त्याचा पत्ता लागत नाहीं. आमच्या वऱ्हाडांतील खेड्यापाड्यांत असल्या दुखण्याचा जाणता वैद्य जवळ सांपडणें कठीण. म्हणून ह्या खेपेस आम्ही वाचकांपुढें अशा एका पुरुषाचें चरित्र ठेवितों, कीं ज्याच्या घरांत तीन माणसांनीं आपल्या मनाचें ओझें तीन निरनिराळ्या रीतींनीं वाहिलें. ते पुरुष म्हणजे गाडगे महाराज. ते आपल्या मंडळीपैकीं नव्हते. परंतु ते आपल्याच मुलखाचे, आपल्याच गरिबींतले, आणि त्यांचें जिणें आपल्या लोकांनीं लक्ष देऊन पाहण्यासारखें आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर ह्यांचा जन्म ता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें एका परीट कुटुंबांत झाला. आईचें नांव सखूबाई. त्या काळीं त्यांच्या जातींत बारसें असो कीं मयत असो, दारूवांचून पंगत होत नसे. बाप झिंगराजी ह्या चालीच्या पायीं व्यसनांत सांपडले. आधीं पाहुण्यांच्या मानासाठीं, मग रोजच्या संवयीनें त्यांनीं प्याला हातीं धरिला, आणि अखेरीस त्या प्याल्यानेंच त्यांस धरिलें. घर खालावलें, शरीर खंगलें, आणि मुलगा आठेक वर्षांचा असतां ते वारले. दारूनें दुःख विसरतें असें आजहि पुष्कळ लोक समजतात. ह्या घरांत तिनें एकहि दुःख हलकें केलें नाहीं. एक विधवा आणि एक पोरका मुलगा मात्र मागें ठेविला.

सखूबाई मुलास घेऊन माहेरीं, मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरे गांवीं, आली. तेथें डेबूजी मामाचीं गुरें राखूं लागला, पुढें नांगर धरूं लागला. शाळेचें तोंड त्यास दिसलें नाहीं. परंतु अंगमेहनतींत आणि रात्रीच्या भजनांत तो रमत असे. १८९२ सालीं कुंताबाईशीं त्याचें लग्न झालें. मामा चंद्रभानजी हे कष्टाळू शेतकरी होते. परंतु ते सावकाराच्या कागदांत गुंतले. लिहितां-वाचतां न येणाऱ्या माणसाचा अंगठा कशावर उमटला, हें पुष्कळदां त्याला जमीन गेल्यावर कळतें. तसेंच येथें झालें. शेत हातचें जाणार हें समजल्यावर त्यांनीं अंथरूण धरिलें, आणि त्या धक्क्यांतून ते उठले नाहींत. बापाचें ओझें दारूनें वाढविलें. मामाचें ओझें कर्जानें घातलें, आणि तें ओझें ते एकटेच उरावर घेऊन गेले. वऱ्हाडांतील किती घरांत हीच कथा आजवर पुन्हां पुन्हां घडली आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

ह्या दोन मरणांनंतर त्याच घरांतला तिसरा पुरुष काय करील, हा खरा प्रश्न होता. शेताचा ताबा घेण्यास सावकाराचीं माणसें आलीं तेव्हां डेबूजी आडवा उभा राहिला व मागें हटला नाहीं. पुढें आपल्या मुलीच्या बारशास त्यानें जातीच्या पंगतीला मांस व दारू न देतां गोड जेवण घातलें. लोक नाराज झाले, परंतु ज्या चालीनें बाप गेला ती चाल त्यानें आपल्या उंबरठ्यावर थांबविली. दुःखाचें कारण हातांत धरतां येण्याजोगें असेल तर प्रथम तें धरावें, एवढें शहाणपण त्यास अनुभवानें आलें होतें.

ता. १ फेब्रुवारी १९०५ रोजीं डेबूजींनीं घर सोडलें. अंगावर चिंध्यांचें वस्त्र, डोक्यावर मातीचें फुटकें गाडगें, हातांत खराटा, असा त्यांचा वेष. त्यावरूनच लोक त्यांस गाडगेबुवा म्हणूं लागले. हा मार्ग सर्वांनीं धरावा असें आम्ही म्हणत नाहीं. घर सोडणाऱ्याचा भार घरांत राहणाऱ्यांवर पडतो, आणि येथें तो सखूबाई व कुंताबाई ह्यांनीं उचलला. तथापि पुढील पन्नास वर्षांत त्यांनीं जी दिनचर्या ठेविली, तींत घरांत राहणाऱ्या माणसानेंहि घेण्याजोगें पुष्कळ आहे.

गांवांत शिरतांच ते खराटा घेऊन रस्ते झाडूं लागत. भाकरी पाहिजे असेल तर आधीं काम करीत व मग खात. पूर्णेच्या कांठीं ऋणमोचन येथें पौष महिन्यांत यात्रा भरे. तेथें येऊन ते घाण काढीत, वाट नीट करीत, आणि पुढें लोकांच्या मदतीनें त्यांनीं तेथें घाट बांधविला. गांवाचें नांव ऋणमोचन, म्हणजे कर्जांतून सुटका. मामाची जमीन कर्जांत गेलेली पाहणाऱ्या माणसानें त्याच गांवीं घाम गाळावा, हें आम्हांस लक्षांत ठेवण्याजोगें वाटतें. मन खचलें म्हणजे मोठें काम सुचत नाहीं; पण हातभर जागा झाडतां येते, आणि झाडलेली जागा डोळ्यांस दिसते. आज आपल्या हातून कांहीं झालें, एवढा पुरावा खचलेल्या मनास फार उपयोगी पडतो.

दिवस कामांत गेला कीं रात्रीं कीर्तन. तें व्यासपीठावरून केलेलें व्याख्यान नसे. महाराज साध्या वऱ्हाडी बोलींत लोकांस प्रश्न विचारीत, आणि शेंकडों माणसें एका आवाजानें उत्तर देत. कर्ज काढून लग्न करावें काय, दारू प्यावी काय, नवसाला बकरें कापावें काय, मुलांस शाळेंत घालावें कीं नाहीं, असे ते प्रश्न असत. आमच्या समजुतीप्रमाणें त्या कीर्तनाचें मोठें बळ येथेंच होतें. प्रश्न सर्वांस असे, म्हणून एकट्याची लाज जाई. जो शेतकरी आपलें कर्ज बायकोपाशींहि बोलत नसे, तो चारचौघांत कर्जाविषयीं तोंड उघडी. चंद्रभानजींस अशी बैठक मिळाली असती तर काय झालें असतें, हें कोणी सांगूं शकत नाहीं; परंतु भाच्यानें ती बैठक गांवोगांव मांडली.

लोकांनीं दिलेला पैसा त्यांनीं स्वतःस घेतला नाहीं. त्यांतून धर्मशाळा, शाळा व वसतिगृहें उभीं राहिलीं. पंढरपुरास अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंस निवाऱ्याची जागा नसे. त्यांच्यासाठीं चोखामेळा धर्मशाळा झाली. परक्या गांवीं दुःखांत किंवा आजारांत सांपडलेल्या माणसास एक छप्पर आणि शेजारी दुसरें माणूस मिळालें म्हणजे अर्धी भीति ओसरते, हें त्यांस ठाऊक होतें.

१९२३ सालीं त्यांचा मुलगा गोविंदा वारला. महाराज कोकणांत खारेपाटण येथें कीर्तनांत असतां ही वार्ता आली, आणि त्यांनीं कीर्तन अर्धें सोडलें नाहीं. ही गोष्ट वाचून कोणी असें समजूं नये कीं रडणें हा दुबळेपणा आहे. महाराजांपुढें त्या वेळीं हजारों माणसें होतीं, आणि दुसऱ्या दिवशींचें काम ठरलेलें होतें. त्या कामानें त्यांस धरून ठेविलें. कुंताबाईस अशी सभा नव्हती. जी आई घरांत बसून मुलाचें दुःख गिळते, तिच्याजवळ कोणीतरी जाऊन बसलेंच पाहिजे. तिला धीर धर म्हणून सांगण्यापेक्षां तिला बोलूं द्यावें, रडूं द्यावें, आणि चुलीवर दोन भाकऱ्या टाकून द्याव्या.

महाराजांचें मन दगडाचें नव्हतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांजवर त्यांचा फार लोभ होता. ता. ६ डिसेंबर १९५६ रोजीं डॉ. आंबेडकर गेले, ती वार्ता आजारी महाराजांच्या जिव्हारीं लागली. त्यानंतर चौदाव्या दिवशीं, ता. २० डिसेंबर रोजीं, अमरावतीकडे येत असतां वलगांवजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा प्राण गेला. ज्यानें लाखों लोकांस धीर दिला त्यासहि दुःख लागतच होतें.

आतां एक गोष्ट स्पष्ट सांगणें जरूर आहे. काम, सोबत आणि बोलणें ह्यांनीं पुष्कळ दुःख हलकें होतें. परंतु कांहीं वेळां मनाचा खरा आजार जडतो. दोन आठवडे झोप नाहीं, अन्नास चव नाहीं, कशांत मन लागत नाहीं, आणि मरणाची भाषा तोंडीं येते, तर त्यास बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकाकडे नेऊं नये. नवस व अंगारे ह्यांविरुद्ध महाराज जन्मभर बोलले. अशा माणसास प्राथमिक आरोग्य केंद्रांत अगर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत न्यावें. सरकारनें २०१५ सालीं अमरावती, अकोला धरून १४ जिल्ह्यांसाठीं प्रेरणा प्रकल्प सुरू केला, व त्यांत आशा सेविकांस खचलेलीं माणसें ओळखण्याचें काम दिलें. २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर फुकट फोन करून मराठींत बोलतां येतें.

गांवच्या साध्या माणसांच्या हातूनहि पुष्कळ होतें, ह्याचा पुरावा आपल्या जिल्ह्यांतच आहे. अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत विश्राम नांवाचा उपक्रम चालला, त्यांत गांवांतील कार्यकर्त्यांस शिकवून घरोघर पाठविलें होतें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें दीड वर्षांत उदासीनतेच्या आजारानें पीडलेल्यांपैकीं मदत घेणारे शेंकडा ४ होते ते २७ झाले, आणि आत्महत्येचे विचार येणारे शेंकडा ५ होते ते अडीचवर आले.

तेव्हां मंडळीच्या शिक्षकांनीं व वडील माणसांनीं चार गोष्टी कराव्या. आठवड्यांतून एक सायंकाळ सर्वांनीं एकत्र बसावें, आणि कर्ज, पीक, लग्नाचा खर्च ह्यांविषयीं मोकळेपणीं बोलावें. खचलेल्या माणसास सोबत घेऊन लहानसें काम करावें. ज्या घरीं अशी काळजी असेल तेथील फवारणीचें औषध कुलपांत ठेववावें, अगर कांहीं दिवस शेजाऱ्याकडे ठेवावें. आणि मरणाची भाषा कानीं आली तर त्या माणसास त्या रात्रीं एकटें सोडूं नये, व उजाडतांच त्याच्याबरोबर दवाखान्यांत जावें. ह्या आठवड्यांत जें घर बोलेनासें झालें आहे असें वाटतें, त्या घरीं आजच जावें, आणि घाई न करितां बसावें.