विश्लेषण : टर्बोचार्जरचा जनक आल्फ्रेड ब्युखी कोण होता? वऱ्हाडातल्या गाड्यांना त्याचा धडा का लागू होतो?

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. असा रस्ता समोर आला की टर्बो गाडी बाळगणाऱ्यांना तिची ताकद वाढवून पाहण्याचा मोह होतो. सरळ, छोट्या धावेची शर्यत वऱ्हाडाला नवी नाही. शंकरपटात बैलजोड्या तेच करतात. मोटारींच्या ड्रॅग रेसमध्ये हे अंतर बहुधा पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर असते. त्यासाठी इंजिनाची ताकद कुठवर वाढवता येते, याचे उत्तर टर्बोचार्जर शोधणाऱ्या अभियंत्याच्या आयुष्यात सापडते.

ब्युखीला ही कल्पना कशी सुचली?

आल्फ्रेड ब्युखीचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे झाला. वडील तिथल्याच सुल्झर या यंत्रनिर्मिती कंपनीत वरिष्ठ पदावर होते. झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १९०३ मध्ये पदवी घेऊन त्याने बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये काम केले. इंधनातील सुमारे एक तृतीयांश ऊर्जा धुरासोबत वाया जाते, हे त्याला खटकत होते. त्या धुराने टर्बाइन फिरवायचे, टर्बाइनने कॉम्प्रेसर फिरवायचा आणि कॉम्प्रेसरने इंजिनात जास्त हवा कोंबायची, अशी त्याची युक्ती होती. हवा जास्त, तर इंधन जास्त जाळता येते आणि त्याच आकाराच्या इंजिनातून ताकद जास्त मिळते. १९०५ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याने जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला.

मग यश यायला २० वर्षे का लागली?

१९०८ मध्ये तो स्वित्झर्लंडला परतला आणि १९११ पासून सुल्झरमध्ये प्रयोग सुरू झाले. पण तप्त वायू दीर्घकाळ सोसणारा धातू तेव्हा नव्हता आणि कॉम्प्रेसरही पुरेसा कार्यक्षम नव्हता. ब्युखीने यावर उपाय शोधला. हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप काही क्षण एकाच वेळी उघडी ठेवायची, म्हणजे ताजी हवा सिलिंडर धुऊन काढते आणि झडपा, पिस्टन, टर्बाइन थंड राहतात. १९२५ मध्ये त्याला ताकदीत सुमारे ४० टक्के वाढ मिळाली. पुढे ‘प्रॉइसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्त्सिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या १० सिलिंडरी डिझेल इंजिनांची ताकद १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. २७ ऑक्टोबर १९५९ रोजी ब्युखीचे निधन झाले. पेट्रोलवर चालणाऱ्या टर्बो मोटारी बाजारात आल्या त्या १९६२ मध्ये. त्या पाहायला तो नव्हता.

वऱ्हाडात हा धडा का महत्त्वाचा?

अकोला, अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. १५ अंशांच्या तुलनेत ही हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. टर्बोने ती दुप्पट दाबाखाली आणली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर तिचे तापमान १४५ अंशांच्या आसपास पोहोचते. इंटरकूलर ती थंड करतो, पण बाहेरच्या ४५ अंशांखाली नेऊ शकत नाही. इतक्या गरम हवेत ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते. यालाच नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिले की पिस्टन फुटतो.

१९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायर मोटारीत हे टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण फवारले जाई. त्याची टाकी भरण्याकडे अनेक मालकांनी दुर्लक्ष केले आणि गाडीची बदनामी झाली.

ट्यूनिंग करताना काय पाहावे?

ट्यूनर ईसीयूमधील बूस्ट, इंधन आणि ठिणगीची वेळ बदलतो. जानेवारीतल्या पहाटे बेतलेली ही सेटिंग मे महिन्याच्या दुपारी धोक्याची ठरू शकते. म्हणून बूस्ट टप्प्याटप्प्याने वाढवायचा, प्रत्येक टप्प्यावर आत जाणाऱ्या हवेचे तापमान आणि नॉकिंगची नोंद पाहायची आणि नॉकिंग दिसताच मागे यायचे. इंटरकूलर, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल आणि चांगले ब्रेक आधी, ताकद नंतर.

आणि चाचणी बंदिस्त ट्रॅकवरच करावी. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे आणि नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायला कलम ५२ मनाई करते. अमरावती-अकोला महामार्गावर ट्रक, एसटी आणि दुचाकीस्वारही असतात; इंजिनाचा अंदाज चुकला तर किंमत त्यांनाही मोजावी लागते.