रमाबाई रानडे आणि हाताने शिकायची सेवा



आपल्या धर्मग्रामात वयोवृद्धांची संख्या दरवर्षी वाढते आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज ह्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेली पिढी आता सत्तरी-पंच्याहत्तरीला आली. त्यांच्यापैकी काहींना स्मृतिभ्रंशाने, म्हणजे डिमेन्शियाने, गाठले आहे. आपल्या देशात साठीपुढच्या दर शंभर माणसांत सात-साडेसात जणांना हा विकार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासातून निघाला. एकूण आकडा होतो सुमारे ८८ लाख. घरातली मुले भोसरीला नाहीतर चाकणला पाळीवर, म्हणून ब्यूरोतून एखादी मावशी सांभाळायला येते. बाई मनाने चांगली असते, पण हे काम तिला कोणी शिकवलेले नसते. आजोबा आंघोळीला का नाही म्हणतात, घास तोंडात धरून का बसतात, संध्याकाळ झाली की घरी जायचे म्हणून दाराशी का जातात, हे तिला कोण सांगणार?

सेवा शिकवावी लागते, आणि ती हातानेच शिकवावी लागते, हे आपल्याच जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी एका बाईंनी ओळखले होते. त्या म्हणजे रमाबाई रानडे. पुष्कळांना त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी म्हणून ठाऊक आहेत. आम्हाला त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या घरातला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. माहेरी अक्षरओळखही झालेली नव्हती. नवऱ्याने पाटी हातात दिली आणि आधी मराठी, मग इंग्रजी शिकवले. दिवसा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे आणि रात्री अभ्यास, असे त्यांचे दिवस गेले. शिकावे तर घरच्या बायका दुखावतात, न शिकावे तर नवरा, ह्या कात्रीत त्या वर्षानुवर्षे सापडल्या होत्या. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, तेव्हा त्यांची व्याख्याने ऐकायला ह्या जात. (पंडिताबाईंनी पुढच्याच वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या केडगावच्या कार्याविषयी पुन्हा कधीतरी लिहू.) मुंबईला बिऱ्हाड हलल्यावर रमाबाईंनी तिथे स्त्रियांची मंडळी जमवली आणि भाषा, शिवण, हस्तकला ह्यांचे वर्ग चालवले.

न्यायमूर्तींची प्रकृती खालावली तेव्हा त्यांची शुश्रूषा रमाबाईंनीच केली. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले. ह्या आजारपणाचे वर्णन त्यांनी आपल्या आठवणींत केले आहे. १९१० साली निघालेले ते पुस्तक आजही वाचण्याजोगे आहे. वैधव्य आल्यावर त्या पुण्याला आल्या आणि वर्षभर लोकांत मिसळल्याच नाहीत. त्या काळच्या विधवेने तसेच राहावे, ही रीत होती. पुढे मात्र त्या बाहेर पडल्या, तुरुंगातल्या स्त्रियांना आणि इस्पितळातल्या रोग्यांना भेटू लागल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. त्याच्या उभारणीत भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या बरोबरीने होते.

सेवासदनात शिवण शिकवत, शिक्षिका तयार करत, आणि ह्या कामांना कोणाचा फारसा विरोध नव्हता. खरी कसोटी १९११ साली लागली. त्या वर्षी परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. उच्चवर्णीय हिंदू घरांत तेव्हा हे काम हलके समजत. परक्या पुरुषाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रोग्याचे मलमूत्र काढायचे, आणि तेही विधवेने! नर्स म्हणजे ख्रिस्ती बाई, असाच सर्वसाधारण समज होता. आपल्या समाजातल्या कितीतरी आई-मावश्यांनी हे काम केले आहे, तेव्हा त्या समजामागचा तुच्छपणा आपल्याला वेगळा सांगायला नको.

रमाबाईंनी शिकणाऱ्या बायकांना ससून रुग्णालयात पाठवले. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८६७ पासून चालू होते. पुस्तक वाचून परीक्षा देता येते, पण निजलेल्या माणसाला न हलवता चादर कशी बदलावी, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस कशी बदलावी, थरथरणाऱ्या ओठांशी चमचा किती हळू न्यावा, हे खाटेजवळ उभे राहिल्याशिवाय कळत नाही. हात आधी चुकतो, जाणती परिचारिका तो धरून दुरुस्त करते, आणि मगच तो शिकतो.

सेवासदनाच्या एका समारंभातला प्रसंग सांगितला जातो. केशवपन केलेली एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तेव्हा प्रेक्षकांतल्या विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडवली. शेवटी आभार मानायला रमाबाई उठल्या. आभार बाजूला ठेवून त्यांनी त्या शिकलेल्या मुलांची चांगलीच कानउघाडणी केली. अशी एखादी बहीण किंवा आत्या तुमच्याही घरात आहे, ह्याची आठवण करून दिली. सभागृह चिडीचूप झाले.

आज स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांना सांभाळणाऱ्यांना शिकवताना हाच मार्ग आणखी पुढे नेला जातो. शिकणाऱ्याला जाड हातमोजे घालून सदऱ्याची बटणे लावायला सांगतात. धूसर काचांचा चष्मा लावून जिना उतरायला लावतात. दोघांची जोडी करून एकाने दुसऱ्याला एक शब्द न बोलता भरवायचे असते. भरवून घेणाऱ्याला दोन घासांतच कळते की चमचा कधी येणार हे माहीत नसले की माणूस तोंड मिटून घेतो. आजोबांचा हट्ट वाटतो, त्यात भीती किती असते हे असे अंगावर घेतल्याशिवाय पटत नाही. मग मावशी घाई करत नाही. चमचा आधी दाखवते, नाव घेऊन बोलते, पाणी अंगावर ओतण्याआधी हाताला लावून बघू देते. एवढ्यानेही आंघोळीवरचे भांडण पुष्कळदा टळते. आम्हाला वाटते, मावशीबरोबर घरच्या सुनेने आणि मुलानेही हे शिकावे. मुलाने तर नक्कीच.

शुश्रूषेखेरीज रमाबाईंनी मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही झटून काम केले. १९२४ साली त्यांचे निधन झाले, त्या वेळी सेवासदनात हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. पुण्याला खरेदीसाठी गेल्यावर लक्ष्मी रस्त्यावर सेवासदन चौक लागतो. त्याचे नाव ह्याच संस्थेवरून पडले आहे.