खुपऱ्यांचा छडा लावणारा डॉक्टर

मैत्रिणींनो, ‘खुपऱ्या’ हा शब्द तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलाय? माझ्या आजीच्या पिढीला तो चांगलाच ठाऊक होता. पापणीच्या आत बारीक पुरळ येतं, वर्षानुवर्षं ते होत राहिलं की पापणी आत वळते, केस बुबुळाला घासतात आणि दृष्टी जाते. लहान मुलांकडून हा आजार आयांकडे येतो, म्हणून यात आंधळेपण बायकांच्या वाट्याला जास्त. त्याबद्दल वाचताना मला डॉ. तांग फेइफान यांची कहाणी कळली आणि मी थक्क झाले.

जन्म १८९७चा, चीनच्या हुनान प्रांतातला. चांगशाला डॉक्टर झाले, अमेरिकेत हार्वर्डला जंतुशास्त्र शिकले आणि मायदेशी परतले. युद्धाच्या धामधुमीत कुनमिंगला त्यांनी पेनिसिलीनसुद्धा तयार केलं.

खुपऱ्यांचा जंतू मात्र कुणाच्या हाती लागत नव्हता. लागणार कसा? हा क्लॅमिडिया आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच जिवावर वाढतो. प्रयोगशाळेतल्या बशीत नुसतं खाद्य घालून तो वाढत नाही. तांग यांनी १९५५ मध्ये पिल्लू धरलेल्या अंड्यात, बलकाच्या पिशवीत तो वाढवून दाखवला. पण आजार याच जंतूमुळे होतो कशावरून? १९५८ च्या सुरुवातीला त्यांनी तो चक्क स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला! डोळा सुजला, खुपऱ्या झाल्या. तरी चाळीस दिवस औषध घेतलं नाही.

एवढं करून पदरात काय पडलं? त्याच वर्षी राजकीय मोहिमेत त्यांच्यावर नाही नाही ते आरोप झाले, जाहीर अपमान झाला. सप्टेंबर संपता संपता त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. सुवर्णपदक मिळालं ते १९८१ मध्ये, मरणोत्तर.

त्यांच्या कामाचा उपयोग डोळ्यांपुरता नाही, बरं का! याच जंतूचे दुसरे प्रकार शरीरसंबंधातून पसरतात. बाईला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, आणि आत गर्भनलिका खराब होतात. मूल होत नाही म्हणून बोल मात्र तिलाच. साध्या तपासणीत हे कळतं, अँटिबायोटिकने बरंही होतं. फक्त नवराबायको दोघांनी औषध घ्यायला हवं.

२०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचं जाहीर केलं. जंतू हाती लागला, तो असा. आता तपासणीची लाज आपण का धरायची?