हंसऱ्या घराची गृहिणी : लक्ष्मीबाई टिळक



शिरूर व दौंड या तालुक्यांतील मंडळ्यांत फिरतांना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. घरांत मुलांचा गोंधळ चाललेला असतो, आजी कांहीं गंमत सांगत असते, चुलीपाशीं सुना हंसत असतात. आणि पाळक किंवा उपदेशक दाराशीं दिसला, कीं सर्व घर एकदम गप्प होतें. मुलांस कोपऱ्यांत बसवितात, हंसू पदराआड जातें आणि सर्वजण प्रार्थनेचे चेहरे धारण करितात. जणूं हंसणें हें जुन्या माणसाचें लक्षण आणि गंभीर राहणें हें नव्या माणसाचें! आपल्या प्रभूनें पहिलें चिन्ह काना गांवीं एका लग्नघरीं केलें, हें आपण वाचतों खरें. परंतु त्या लग्नघरांत लोक हंसत असतील, हें आपल्या मनांत येत नाहीं.

याकरितां आज एका अशा भगिनीचें चरित्र आपणांपुढें ठेवीत आहें, कीं जिनें दुःख पुष्कळ पाहिलें, तरी घरांतील हंसू मरूं दिलें नाहीं. या बाई म्हणजे ख्रिस्ती कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक. टिळकांचीं भजनें आपल्या उपासनेंत नित्य गाइलीं जातात. परंतु तीं भजनें ज्या घरांत जन्मलीं, तें घर चालविणारी कोण होती, हें आपल्या तरुण पिढीस ठाऊक असावें.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालीं नाशिकजवळ गोदावरीच्या कांठीं जलालपूर या गांवीं गोखल्यांच्या घराण्यांत झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. घरांत सर्व तिला मनू म्हणत. वडिलांचें सोंवळें इतकें कडक, कीं बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत येऊं नये. अशा घरांत लहान मुलांची काय दशा होत असेल, याची कल्पना आपणच करावी. परंतु म्हातारपणीं हें सर्व लिहितांना त्यांनीं वडिलांविषयीं मनांत कडूपणा ठेविला नाहीं. ज्या गोष्टीनें बाळपणीं रडूं आलें, तीच गोष्ट त्यांनीं पुढें अशा रीतीनें सांगितली, कीं वाचणारास हंसूं यावें आणि हंसतां हंसतां त्या माणसाची कींवही यावी. हा गुण त्यांस देवानें जन्मतःच दिला होता.

1880 सालीं त्यांचें लग्न नारायण वामन टिळक यांच्याशीं झालें. वधू अकरा-बारा वर्षांची आणि वर अठरा वर्षांचा. टिळक बुद्धीनें मोठे, अंतःकरणानें त्याहून मोठे. परंतु संसाराच्या बाबतींत त्यांच्यावर विसंबून राहणें म्हणजे ओंजळींत पाणी धरून घोडनदी ओलांडण्यासारखें होतें. त्यांच्या पायांस भिंगरी होती. आज नाशिक तर उद्यां नागपूर. आज नोकरी आहे, उद्यां नाहीं. हातांत पैसा आला, कीं वाटेंत जो गरजू भेटेल त्याचा तो झाला. न सांगतां ते घराबाहेर पडत, आणि न सांगतां पाहुणे घेऊन घरीं येत. राग आला तर क्षणांत येई आणि तितक्याच वेगानें निवे.

एकदां घरखर्चाकरितां पैसे घेऊन बाजारास गेलेले टिळक सुंदर काचेची एक दौत घेऊन परत आले, हा प्रसंग लक्ष्मीबाईंच्या आठवणी वाचणारा कोणीही विसरत नाहीं. घरांत दाण्यागोट्याची वाट पाहात बायको बसलेली, आणि नवरा काचेंतील रंग पाहण्यांत दंग! अशा वेळीं काय करावें? लक्ष्मीबाई कांहीं मुकाट्यानें सोसणाऱ्या नव्हत्या. त्या भांडत, रुसत, बोलत. परंतु भांडण मनांत सांठवून ठेवीत नसत. राग ओसरला, कीं त्या प्रसंगांतील गंमत त्यांस प्रथम दिसे, आणि मग नवराबायको दोघेंही हंसत. कवीबरोबर संसार करणें हें एक साहस आहे, असें समजूनच जणूं त्यांनीं तो केला. उद्यां काय होईल हें ठाऊक नाहीं, म्हणून कांहीं माणसें रडतात. लक्ष्मीबाईंस त्या न ठाऊक असण्यांतही मौज वाटूं लागली होती.

परंतु एक प्रसंग असा आला, कीं तेथें हंसू पुरें पडलें नाहीं. 1893 सालीं टिळक राजनांदगांवास जाण्यास आगगाडींत बसले असतां, त्यांची एका मिशनरी गृहस्थाशीं गांठ पडली. बोलणें होतां होतां त्या गृहस्थानें टिळकांच्या हातीं नवा करार दिला. टिळकांनीं तो वाचावयास घेतला आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं त्यांचें मन गुंतलें. पुढें 1895 सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या 10 तारखेस मुंबई येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही बातमी लक्ष्मीबाईंच्या कानीं गेली, तेव्हां त्यांच्यावर आकाश कोसळलें. त्या काळीं ब्राह्मण घरांतील स्त्रीचा पति ख्रिस्ती झाला, म्हणजे ती ना सवाशीण ना विधवा, अशी तिची स्थिति होई. मुलगा दत्तू चार वर्षांचा देखील नव्हता. नातलगांनीं दोघांस आपल्याकडे ठेवून घेतलें. लक्ष्मीबाई पंढरपुरास राहिल्या, रडल्या, आजारी पडल्या. दुःख असह्य झालें तेव्हां त्यांच्या तोंडून कविता बाहेर पडूं लागली. शाळेचें तोंड न पाहिलेली ही बाई दुःखाच्या शाळेंत कवि झाली.

आपल्या मंडळ्यांतील कित्येक वडीलधाऱ्या माणसांनीं अशी ताटातूट पाहिली आहे. एकानें प्रभूला स्वीकारलें आणि दुसऱ्यानें नाहीं, म्हणून घर दुभंगलें, भावकी तुटली, विहिरीवर आणि लग्नकार्यांत पाठी फिरल्या. त्यांस लक्ष्मीबाईंचें हें दुःख परकें वाटणार नाहीं. येथें टिळकांनीं केलें तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. उतावळ्या स्वभावाच्या या मनुष्यानें या एका बाबतींत मात्र धीर धरला. पत्नीवर त्यांनीं जबरदस्ती केली नाहीं. तिला पत्रें लिहिलीं, भेटी घेतल्या, वाट पाहिली. सुमारें साडेचार वर्षांनीं लक्ष्मीबाई आपल्या मनानें पतीकडे परत आल्या. आल्या त्या ख्रिस्ती होऊन आल्या नाहींत. आपलें सोंवळें आणि आपलें स्वयंपाकपाणी त्यांनीं निराळें ठेविलें, आणि टिळकांनीं तशी व्यवस्था आनंदानें करून दिली. मिशनच्या आवारांत सोंवळ्याची चूल! लोक काय म्हणतील, याची टिळकांनीं पर्वा केली नाहीं.

पुण्याहून आगगाडीनें नगरास जाणारास दौंडावरून जावें लागतें. दौंडाहून मनमाडास जाणारा हा लोहमार्ग 1878 सालीं सुरू झाला, आणि त्याच मार्गावर नगराच्या पुढें राहुरी आहे. आपल्या दौंडच्या बांधवांस हीं स्टेशनें तोंडपाठ असतील. त्या राहुरीस लक्ष्मीबाईंचें मन पालटलें. कोणाच्या व्याख्यानानें तें पालटलें नाहीं. त्यांनीं स्वतःशींच विचार केला, कीं देवानें पशु निर्माण केले, पक्षी निर्माण केले, माणसांत स्त्री आणि पुरुष निर्माण केले. परंतु माणसांमधील जात त्यानें केल्याचें कोठें दिसत नाहीं. ती माणसानेंच केली असली पाहिजे. विचार पटला त्या दिवशींच त्यांनीं कोणाच्याही हातचें खाण्यापिण्याचें ठरविलें. जिच्या माहेरीं बाहेरचा जिन्नस धुतल्यावांचून आंत येत नसे, तिनें असें करावें, हें केवढें धाडस! लढाईंत जाणाऱ्या शिपायाच्या धाडसाहून तें कमी नव्हतें, आणि तें घडलें साध्या स्वयंपाकघरांत. 1900 सालीं राहुरी येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

यापुढें टिळकांचें नगरचें घर म्हणजे धर्मशाळाच झाली. दुष्काळ आणि प्लेग यांनीं त्या वर्षांत या प्रदेशाची दैना केली होती. पोरकीं मुलें, निराधार मुली, विद्यार्थी, कवि, वाट चुकलेले प्रवासी, सर्वांस त्या घरांत जागा होती. पगार लहान आणि पंगत मोठी! लक्ष्मीबाई सर्वांच्या आई झाल्या. मुलांस न्हाऊंमाखूं घालावें, आजाऱ्याच्या उशाशीं बसावें, भांडणें मिटवावींत, आणि रात्रीं सर्वांनीं मिळून गावें, बोलावें, हंसावें, असा तो संसार होता. ‘बालकवि’ म्हणून महाराष्ट्रांत प्रसिद्ध झालेले त्र्यंबक बापूजी ठोमरे याच घरांत राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहींत, आणि त्याकरितां त्यांच्या ताटांतील भाकर कमी झाली नाहीं. लहान मुलासारख्या हट्टी आणि हळव्या अशा त्या तरुण कवीस लक्ष्मीबाईंनीं पोटच्या मुलाप्रमाणें संभाळलें.

दुःखानें मात्र या घराची वाट सोडली नाहीं. कांहीं मुलें लहानपणींच देवाघरीं गेलीं होतीं. 1917 सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथें ‘देवाचा दरबार’ स्थापिला. उतारवयांत लक्ष्मीबाईंस पुनः अनिश्चित संसार मांडावा लागला. 1918 सालीं बालकवि आगगाडीखालीं सांपडून वारले. पुढल्याच वर्षीं, 1919 च्या मे महिन्याच्या 9 तारखेस, टिळक मुंबईस प्रभूमध्यें निजले. त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ हें प्रभूचें काव्यमय चरित्र लिहावयास घेतलें होतें. तें दहा-अकरा अध्यायांवरच थांबलें. तें अर्धवट काम लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें आणि चौसष्ट अध्याय स्वतः रचिले. ज्या बाईस नवऱ्यानें घरीं अक्षरओळख करून दिली, तिनें नवऱ्याचा ग्रंथ तडीस नेला.

मुलगा देवदत्त यानें वडिलांच्या चरित्राकरितां आईजवळ आठवणी मागितल्या. लक्ष्मीबाई लिहूं लागल्या, आणि 1934 पासून ‘स्मृतिचित्रें’ या नांवानें त्या आठवणी चार भागांत प्रसिद्ध झाल्या. त्यांत लढाया नाहींत, राजे नाहींत. फसलेला स्वयंपाक, चुकलेली गाडी, नवऱ्याचा विसराळूपणा, मुलांच्या खोड्या, हेंच त्यांत आहे. तरी मराठी भाषेंतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते आणि इंग्रजींतही त्याचीं भाषांतरें झालीं आहेत. 1933 सालीं नागपूर येथें भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. 1936 च्या फेब्रुवारी महिन्यांत त्यांनीं हा लोक सोडला.

बंधुभगिनींनो, या चरित्रापासून आपण काय घ्यावें? दुःखावर हंसू पांघरावें, असें मी म्हणत नाहीं. लक्ष्मीबाईंनीं टिळकांचे दोष झांकले नाहींत आणि आपले अश्रूही झांकले नाहींत. परंतु दुःख सांगून झाल्यावर त्या तेथेंच बसून राहिल्या नाहींत. उठल्या, चूल पेटविली, आणि त्या दिवसांत जें कांहीं गमतीचें घडलें होतें तें वेंचून घेतलें. इस्राएल लोक रानांत मान्ना वेंचीत, तो रोज सकाळीं त्या दिवसापुरताच मिळे. घरांतील आनंदाचेंही तसेंच आहे. मोठें घर होईल, मुलगा नोकरीस लागेल, मुलीचें लग्न होईल, मग आनंद करूं, असें म्हणणाराचा मान्ना उन्हांत वितळून जातो.

विशेषतः उपदेशक बंधूंस माझी विनंति आहे. आपण गांवोगांव सुवार्ता सांगत फिरतों. घरीं येतों तेव्हां थकलेले असतों, आणि बायकामुलांच्या वांट्यास आपली कपाळावरची आठी तेवढी येते. आठवड्यांतून एक संध्याकाळ तरी घरासाठीं राखून ठेवा. मोबाइल बाजूस ठेवा. मुलांस घेऊन नदीवर जा, बाजारास जातांना एकास बरोबर न्या, रात्रीं भाकरी झाल्यावर दिवसभरांत काय काय फजिती झाली, ती प्रत्येकाला सांगूं द्या. प्रथम आपली स्वतःची सांगा. आणि ज्या घरांत एकजण विश्वासांत आला असून दुसरा अद्याप बाहेर आहे, तेथें टिळकांचा धीर आठवा. निराळी चूल असली तरी चालेल. हंसू मात्र एक असूं द्या. दुरावलेलें माणूस पुष्कळदां वादानें परत येत नाहीं. आंतून ऐकूं येणाऱ्या हंसण्यानें येतें.

प्रभूनें एका बाईची गोष्ट सांगितली आहे. तिचें एक नाणें हरवलें. तिनें दिवा लाविला, घर झाडलें आणि तें सांपडल्यावर शेजारणींस बोलावून आनंद केला. नाणें एक, घर लहान, काम झाडलोटीचें. आणि त्या लहानशा आनंदाची उपमा प्रभूनें स्वर्गांतील आनंदास दिली. आपल्याही घरांत असें एखादें नाणें कोपऱ्यांत पडलें असेल. आज रात्रीं दिवा लावून तें शोधूं या, आणि सांपडलें म्हणजे शेजाऱ्यांस हांक मारूं या.